चहा उभ्यानं की बसून

पीण्या स्टेशनवर मेट्रोच्या तिकिटाच्या रांगेत स्मिताच्या पुढं खाकी कपड्यातला एक फिटर आणि त्याची लेक उभी होती. या कानडी मुलखात मराठी कुणाला कळतंय, या भरवशावर दोघं मोकळ्या गळ्यानं वाद घालत होती. स्मिताला मात्र शब्द न् शब्द कळत होता.

“अप्पा, पीएचडी कुठं करणार ते आज कळवायचंय. मी मोठी लॅबच घेते. इम्युनॉलॉजीत त्या सरांचं केवढं नाव आहे!”

“असू दे की. काल सुट्टी टाकून दोन्ही लॅबच्या कँटीनला बसून आलो.”

“अय्यो! कशाला?”

“कारखाना बदलताना मी मालकाला काही विचारत नाही. कामगार चहा कसा पितात ते बघतो. तुला तर सहा वर्षं काढायचीत तिथं.”

“मग काय बघितलंत?”

“तुझ्या मोठ्या सरांची पोरं उभ्यानंच चहा ढोसून पळाली. एकाला विचारलं, तर ‘आठवं वर्ष’ म्हणाला, जन्मठेप झाल्यागत.”

“आणि छोट्या लॅबची?”

“ती तासभर बसून सरांच्या नावानं शिव्या देत होती.”

“म्हणजे तीही भिकारच की!”

“स्वल्प थांब. सर तिथंच बसले होते. दोन शिव्या तर त्यांनीच सुचवल्या.”