एक पॉइंट दहा नंबरचे काका

माझ्यासमोर एक्सेलचं नाव काढू नका यार. त्याच्यामुळे माझ्या लग्नाची पत्रिका दोनदा छापावी लागली. पहिलीच ठेवली असती तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

आमच्या आजोबांना दहा मुलगे. पत्रिकेत सगळ्यांची नावं वयाप्रमाणे हवीत, म्हणून माझ्या भावाने, निलेशने, शीट केली. आजोबा १, थोरले काका १.१, असं करत शेवटचे बंडूकाका १.१०. मग त्याने सॉर्ट मारलं. एक्सेलने आकडे अक्षरांसारखे वाचले आणि १.१० उचलून १.१ च्या खाली बसवलं. १.२ त्याच्याही खाली. घरात सगळे हॉलच्या गडबडीत, कोणी बघितलंच नाही. तशीच छापली, तशीच वाटली.

दुसऱ्या नंबरच्या काकांचा मुलुंडहून फोन आला. "बंडूच्या खाली मी? मी येत नाही लग्नाला."

बाबांनी त्याच दिवशी नवीन पत्रिका छापायला टाकली.

बंडूकाका नाहूरला एकटे राहतात. आमच्या प्रत्येक कार्यात पाणी वाढायला तेच आणि शेवटच्या पंगतीला जेवायलाही तेच. त्यांना फोन करायचं काम माझ्यावर आलं.

"काका, ती पहिली पत्रिका चुकली होती हां. नवीन पाठवते."

"हो का? मला वाटलं, तुम्ही मुलांनी मुद्दाम वर घेतलंत."

मग म्हणाले, "मी बिल्डिंगमध्ये सगळ्यांना नाव दाखवून वाटली गं. परत मागून आणू?"