बिनआवाजाची गाडी

नवी हायब्रिड सुपरकार जवळून बघायला प्रदर्शनात रांग लागली होती. दुकान उघडायला उशीर होतोय म्हणून शिंपीकाकांची चुळबुळ चालली होती. त्यांच्यापुढे एक मेहुणा आणि त्याचे भाऊजी उभे होते.

“नाक बघा भाऊजी, चेपल्यासारखं. शोभतं का हे?”

“नाकाचं सोड. बॅटरीवर टाकली की हूं की चूं करत नाही.”

“मग सुपरकार कसली? इंजिनाची डरकाळी नको?”

“डरकाळीने गल्ली जागी होते. ही दारातून निघाली तरी घरात कुणाला पत्ता लागायचा नाही.”

“घरात कुणाला? ताईला?”

“उदाहरण दिलं रे.”

“ताई म्हणत होती, हल्ली तुम्ही स्कूटर कोपऱ्यापर्यंत ढकलत नेता.”

“पेट्रोल वाचतं.”

“कोपऱ्यापर्यंतचं?”

मागून कुणीतरी म्हणालं, “सरका पुढे.”

“थांबा हो जरा,” शिंपीकाका त्याच्यावरच डाफरले.