रस्त्यातला माल

पिंकी : ...म्हणून म्हणते काकू, आज शेवटचं. सच में शेवटचं. उद्यापासून मी नाही येणार.

शेवंता : असं काय बोलतं वो? परीक्षा त तोंडावर आली.

पिंकी : तेच तर! परीक्षा माझीपण आहे ना. पेपर एकच आहे आपला, फक्त तुम्ही घरून प्रायव्हेट आणि मी कॉलेजातून रेग्युलर. कॉलेजातल्या बाकी पोट्ट्यांचा सगळा कोर्स झाला, रिव्हिजन चालू आहे त्यांची. आणि मी दिवाळीपासून तुमच्यासोबत ब्रांच अकाउंटमध्येच अडकून पडली आहे. मम्मी म्हणते, शेवंताकाकूला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

शेवंता : असं म्हणते? माह्या घरचा चिवडा खाऊन?

पिंकी : सॉरी काकू. म्हणजे तिच्या मनात तसं नव्हतं.

शेवंता : असू दे वो. घडा त आहेच पालथा. सत्तेचाळीसचं वय झालं, आता कुठं सरळ होणार आहे तो. चहा घे. गार होऊन राह्यला.

पिंकी : साखर किती टाकता यार तुम्ही! ऐका ना, यूट्यूबवर एक सर आहेत. अकाउंट इतकं मस्त सांगतात ना, आणि चिडत पण नाहीत. मी लिंक पाठवते. तुमच्या बसमध्ये बसून पाहायचं. ऑफिससाठी नवा रायपुरला जाऊन यायला दोन तास लागतात, तेवढ्यात एक चॅप्टर होतो.

शेवंता : अन् समजलं नाही त?

पिंकी : मागे घ्यायचं आणि परत ऐकायचं.

शेवंता : परत तेच बोलतीन?

पिंकी : हो मग! व्हिडिओ आहे ना तो.

शेवंता : म्हणजे मी म्हटलं, सर चहा घेता का, त ते आपले डेबिट-क्रेडिटच करत बसतीन.

पिंकी : काकू, मजाक नको ना. मी सीरियस आहे. तुम्हाला बाबू व्हायचं आहे की नाही? काका गेल्यावर त्यांच्या जागी लागल्या तेव्हा तुम्हीच म्हटलं होतं, जन्मभर पाण्याचे ग्लास नाही उचलायचे, बी.कॉम. करून लेखा शाखेत बसायचं.

शेवंता : म्हटलं होतं. आजबी म्हणते. काकाच्या जागी लागली म्हणून दोन घास पोटात जातात, पण त्या ऑफिसात जीव नाही लागत वो. रस्ता एवढा रुंद की पलीकडच्या माणसाले हाक पोचत नाही. अन् पलीकडे माणूस असते कुठं? मोटारी येतात न जातात. सहाची बस हुकली त बसा मंग त्या थांब्यावर, कुत्रंबी येऊन विचारत नाही, बाई कोणत्या गावची तू.

पिंकी : चला, पेन्सिल घ्या. आज पुस्तकातला नाही करायचा. आज कॉलेजात टेस्ट झाली, तिच्यातलाच देते.

शेवंता : टेस्ट होती? मंग सांगितलं काहून नाही? कसा गेला पेपर?

पिंकी : बढिया. म्हणजे ठीकच. तुम्ही लिहा हो. रायपुरच्या हेड ऑफिसने जगदलपुरच्या ब्रांचला पन्नास हजाराचा माल पाठवला. लिहिलं?

शेवंता : लिहिलं. आपल्या गुढियारीच्याच गोदामातून गेला असंल.

पिंकी : कुठूनही जाऊ द्या! मार्चअखेर ब्रांचच्या हिशेबात माल आलेला दिसतो चव्वेचाळीस हजाराचा. दोन हजाराचा माल ट्रकमध्ये भिजून खराब झाला. बाकीचा अजून पोचायचा आहे. सांगा, फरक किती?

शेवंता : सहा हजार.

पिंकी : शाब्बास. आता ह्या सहा हजाराचं काय करायचं?

शेवंता : काय करायचं बरं... विसरली बाप्पा.

पिंकी : काकू! रोज सांगते मी! रोज! भिंतीला सांगितलं असतं तर भिंत पास झाली असती!

शेवंता : चिडू नको वो. डोक्यात राहत नाही माह्या. तू सांग, मी लिहिते.

पिंकी : लिहा मग. पाठवला पन्नासचा, आला चव्वेचाळीसचा. सहा कमी आला. कमी आला म्हणजे नुकसान. सहा हजार तोट्यात टाका आणि जुळवून टाका. झालं.

शेवंता : सहाचे सहा तोट्यात? असं कसं वो? भिजला तो गेला, दोन हजाराचा. बाकी चार हजाराचा माल हरवला थोडीच? रस्त्यात आहे तो. आज नाही त चार दिवसानं पोचंल. त्याले तोटा काहून म्हणायचं? तो मालमत्तेच्या बाजूले दाखव, हेड ऑफिसच्या...

(खिडकीबाहेरून मालगाडी जाऊ लागते. रुळाकाठच्या ह्या वस्तीत गाडी जाईपर्यंत कोणी बोलत नाही, भांडणसुद्धा थांबवतात. शेवंता पेन्सिल खाली ठेवते. आजची गाडी तिला फार लांब वाटते.)

पिंकी : काकू.

शेवंता : चहा तापवून आणू का?

पिंकी : काकू, तुम्हाला येतं.

शेवंता : नाई वो. ते असंच तोंडातून निघालं.

पिंकी : असंच कसं निघतं? माझ्या तोंडातून का नाही निघत मग असंच? कधीपासून येतं तुम्हाला? खरं सांगा, नाही तर मी आत्ता उठते.

शेवंता : उठू नको. सांगते. संक्रांत झाली तेव्हापासून.

पिंकी : संक्रांत! म्हणजे तेव्हापासून नाटक चालू आहे? त्या दिवशी तुम्ही सगळं खातं उलटं लिहिलं, इकडचं तिकडे, आणि मी सर्दी-तापात तासभर बडबडत बसली...

शेवंता : मुद्दाम लिहिलं होतं.

पिंकी : मुद्दाम! आणि वर हळदीचं दूध पण पाजलं मला! काहून पण? काय मिळालं तुम्हाला?

शेवंता : आता ताकाले जाऊन भांडं काय लपवायचं. ऐक. सरळ लिहिलं असतं त तू म्हटली असती, वा काकू, आलं तुम्हाला. अन् गेली असती आपल्या घरी. मंग? बसमधून तेलीबांध्याले उतरते, तिथून ऑटो करून येते अन् ह्या दाराचं कुलूप उघडते. आत कोण आहे? दिवसभर ऑफिसात 'शेवंता पाणी', 'शेवंता फाईल'. हे काय बोलणं झालं? विकीले पुण्याले फोन लावला त 'हां मम्मी, खाना खा लिया, रखता हूं'. माह्या पोटचा पोट्टा माह्यासंग हिंदीत बोलते अन् हिंदीतच फोन ठेवते. तुह्ये काका होते त भांडाले तरी कोणी होतं. मिठावरून भांडत, पंख्यावरून भांडत. आता पंखा दिवसभर चालू ठेवला तरी कोणी काही म्हणत नाही. दिवसाकाठी मले 'काकू, असं नाही, असं' म्हणणारी तू एकटी. मले एकटं वाटते वो पिंकी. ते कुलूप उघडाची मले भीती वाटते.

पिंकी : मग तसं सांगायचं होतं ना! मी अशीच आली असती.

शेवंता : अशीच? रोज? माह्या तोंडाकडे पाहत बसाले? खरं बोल.

पिंकी : ...नसती आली. रोज नसती आली. एखाद्या रविवारी आली असती.

शेवंता : तेच त.

पिंकी : पण तुम्ही चूक केलं काकू. बहुत गलत केलं. तुम्हाला माहीत आहे ना, मागच्या साली मी ह्याच पेपरात लटकली? घरात मला कोणी पिंकी नाही म्हणत आता. दादा हाक मारतो, ए सप्लीमेंट्री, पाणी दे. पाहुणे असले तरी. पप्पा हसतात.

शेवंता : हसतात? बापानं हसावं?

पिंकी : इथं आली की मी मॅडम होती. पूर्ण दुनियेत एक माणूस होता ज्याला माझ्यापेक्षा कमी येत होतं. तुमच्या पायऱ्या उतरताना वाटायचं, चला, आज आपण कोणाला तरी काही शिकवलं. आपण एवढे पण ढ नाही. आणि तुम्ही मला खेळवत होत्या. लहान पोराला मुद्दाम जिंकू देतात ना, तसं.

शेवंता : हे माह्या ध्यानात नाही आलं वो. शपथेनं नाही आलं. मी माह्याच एकटेपणात बसली होती.

पिंकी : आणि आज टेस्टमध्ये मी हेच लिहून आली. सहाचे सहा तोट्यात. आत्तापर्यंत वाटत होतं बरोबर आहे. तुम्ही बोलल्या तेव्हा कळलं, हा पण गेला. जाते मी.

शेवंता : जाय. मी अडवत नाही. पण जाता जाता एवढं सांग, हे मले आलं कुठून? आभाळातून पडलं का?

पिंकी : मला काय माहीत.

शेवंता : तुले नाही त कोणाले माहीत? दिवाळीले मले डावी बाजू कोणाची अन् उजवी कोणाची, हेबी माहीत नव्हतं. मॅट्रिक होऊन माहे तीस वर्षं झाले. पुस्तक उघडलं की झोप ये. हे रस्त्यातल्या मालाचं मले तीनदा सांगूनबी कळत नव्हतं, त तू काय म्हटलं होतं आठवते का?

पिंकी : नाही.

शेवंता : तू म्हटलं, काकू, विकीभैया पुण्याहून गाडीत बसला आणि अजून घरी नाही पोचला, तर तो हरवला म्हणता का? तिकडून निघाला, इकडं यायचा आहे, पण आहे तर तुमचाच ना. म्हणून आज मले थांबता नाही आलं. तू तोटा म्हटलं अन् माह्या तोंडातून निघून गेलं.

पिंकी : मी असं म्हटलं होतं?

शेवंता : हव. अन् माह्या डोळ्याले पाणी आलं, त तू म्हटलं, काकू नंबर तपासून घ्या, चष्मा लागला असंल.

पिंकी : बाप रे. मला खरंच वाटलं चष्मा लागला.

शेवंता : संक्रांतीनंतरचं नाटक माह्यं, कबूल. पण त्याच्या आधी जे आलं, ते तुह्यं शिकवलेलं. पालथ्या घड्यात पाणी गेलं वो पोट्टे. सांग तुह्या मम्मीले. अन् दादालेबी सांग.

पिंकी : मग मी टेस्टमध्ये काहून चुकली?

शेवंता : घाबरली असशीन. माह्यासमोर तू घाबरत नव्हती. आज घाबरली, कारण टेस्टचं मनात होतं. मले सांगितलंबी नाही.

पिंकी : ...करून दाखवा.

शेवंता : काय?

पिंकी : हाच प्रश्न. पूर्ण. खाली बाकीचे आकडे आहेत, रोकड, देणेदार, सगळं. माझ्यासमोर सोडवा आणि एक पण चूक मुद्दाम नाही करायची. मला पाहायचं आहे.

शेवंता : पूर्ण करू?

पिंकी : हो. काय झालं?

शेवंता : काही नाही. पूर्ण झालं की झालंच मंग. दे इकडं पेन्सिल.

पिंकी : हळू लिहा. हं. दोन हजार कुठे टाकले?

शेवंता : तोट्यात. भिजलेला माल.

पिंकी : चार हजार?

शेवंता : मालमत्तेकडे. रस्त्यातला.

पिंकी : रेघ सरळ मारा. तुमची रेघ नेहमी खाली उतरते. इकडची बेरीज?

शेवंता : एक लाख अठ्ठावीस हजार.

पिंकी : आणि तिकडची?

शेवंता : थांब, जोडते... एक लाख अठ्ठावीस हजार. जुळलं वो! मुद्दाम चुकून चुकून मी विसरलीच होती, जुळलं की कसं बरं वाटते ते.

पिंकी : द्या, तपासू द्या मला.

शेवंता : तपास. तोवर मी डबा भरते. चिवडा घेऊन जाय सगळा, मी एकटी काय करू एवढ्याचं. अन् पेपर चांगला लिह्य. घाई करू नको, भिजलेलं अन् रस्त्यातलं वेगळं काढ. अन् कॉलेजले जाताना कधी माह्यं दार उघडं दिसलं त आवाज देत जाय. आत नको येऊ, टाइम नसते तुले. नुसता आवाज दे.

पिंकी : काकू.

शेवंता : हं?

पिंकी : ह्यात चूक आहे.

शेवंता : चूक? कुठं? दोन्ही बाजू त बरोबर आल्या!

पिंकी : आहे म्हणते ना चूक.

शेवंता : अवो, दोनदा जोडलं मी. दाखव कुठं आहे ते.

पिंकी : आज उशीर झाला. उद्या येऊन सांगते. आणि साखर कमी टाका.