माझ्या नावापाशी बंद पडणारा कॉम्प्युटर

दिल्लीहून शिकून परतले तेव्हा वाटलं होतं, उंब्रजला घरोघरी कॉम्प्युटर शिकवीन. प्रत्यक्षात आमच्या सुभेदार काकांशीच भांडत बसले.

काकांनी कॉम्प्युटरवर प्रत्येकाच्या नावाचं फोल्डर करून वंशावळ भरली होती. माझ्या हट्टानं त्यात पहिल्यांदाच लेकीचं नाव आलं. दुसऱ्या दिवशी भावकी बघायला येणार, आणि नेमकं माझं फोल्डर उघडलं की फाइल्सची खिडकी आपोआप बंद!

"अहो काका, बापाच्या फोल्डरात लेक, लेकाच्यात नातू, अशा सात पिढ्या कोंबल्यात. त्यात प्रत्येकाच्या नावाला हुद्दे. ही सगळी नावं जोडून फोल्डरचा पत्ता बनतो, आणि एवढा लांब पत्ता कॉम्प्युटरला झेपत नाही. सगळ्यांना शेजारी-शेजारी ठेवूया."

"बापाच्या मांडीला मांडी लावून पोरगं बसवू व्हय?"

"मग हुद्दे तरी काढा."

"पणजोबांची पाटीलकी काढू, का माझी सुभेदारी? आन् आमी समदी उघडतोय की! तुझ्याच नावाला लय शेपूट हाय."

बघितलं, तर काकांनी कौतुकानं माझ्या नावापुढे दोन्ही पदव्या, कॉलेज आणि सुवर्णपदकसुद्धा लिहिलेलं.

काढायचे तर सगळ्यांचेच हुद्दे, या तत्त्वाला मी रात्रभर चिकटून राहिले. सकाळी भावकीच्या चपला दारात वाजल्या, तसं ठरवलं आणि माझं सगळं शिक्षण एका झटक्यात पुसून टाकलं.