घरी वाजलेला बास

सरस्वतीबाई गेल्याचा फोन आला, त्या दिवशी त्यांचे पती व्यंकटराव उमरीत एका वरातीत बास ट्रॉम्बोन, खालच्या सुरांचं पितळी वाद्य, वाजवत होते. शीला नावाच्या एका अनोळखी प्रवासी बाईला हे कळलं ते लातूरला जाणाऱ्या बसमध्ये, पुढच्या बाकावरच्या दोघांच्या बोलण्यातून. एक खुद्द व्यंकटराव होते, दुसरे त्यांचे बँडमास्तर.

“आज संध्याकाळी लातूरच्या कार्यक्रमात सोलो तुमचा हाय, व्यंकटराव. गाणं कोणतं?”

“तिच्या आवडीचं.”

“मंग नाव सांगा की.”

“नाव तिला बी ठावं नव्हतं, मास्तर. घरी म्या नुस्ता बास घोटायचो, खालचे सूर. गाण्याची चाल तुमच्या क्लॅरिनेटकडं. ती भाकरी थापता थापता तेवढा बासच गुणगुणायची.”

“नुस्त्या बासचा सोलो? लोक म्हणतील, म्हैस हंबरून राहिली.”

“ती बी तेच म्हणायची.”

“बरं, म्हणून तर दाखवा.”

व्यंकटराव हळू आवाजात म्हणू लागले. शीला पुढं झुकून ऐकत राहिली. मधेच ते थांबले.

“पुढं?”

“इथं ती जेवाया हाक मारायची. याच्या पुढचं घरी कधी वाजलंच न्हाई.”

“मंग शेवट कसा करायचा?”

“तेच बघून राहिलो.”

लातूर आलं, तरी सोलोचा शेवट ठरला नव्हता.