नव्या ट्यूबखालचे तांदूळ

डोंबिवलीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात उत्तराबाईंच्या डोळ्यांत थेंब घातले होते. अर्धा तास डोळे मिटून बसायचं, म्हणजे काम काय ते कानांनाच. शेजारी आंबिवलीहून आलेली रखमाबाई आणि तिची शेजारीण संचिता बोलत होत्या.

"वर्षभर सुनेला सांगत होते, स्वयंपाकघरातली ट्यूब मंद झालीय, तांदळातले खडे दिसत नाहीत."

"मग तुमच्या संदेशनं एलईडी लावली ना, मावशी?"

"लावली. सगळं घर म्हणतं, काय लख्ख उजेड पडलाय!"

"आणि तुम्ही?"

"मी पण म्हटलं, लख्ख. आणि परवा नातवाच्या दाताखाली खडा आला."

"अगंबाई! सूनबाई काय बोलली, योगिनी?"

"बोलते कशाला? हातातलं सूपच काढून घेतलं. म्हणे, उद्यापासून मी निवडते. चाळीस वर्षं माझ्या सुपाला कोणी हात लावला नव्हता!"

"मग सांगायचं ना, डोळे दाखवायला जाते म्हणून."

"सांगते होय! नवी ट्यूब खराब निघाली, दुकानदाराशी भांडून येते, म्हटलं."

"आणि डॉक्टरांनी मोतीबिंदू काढायला सांगितला तर?"

"तर काय, काढून घेईन, आणि घरी दुकानदाराला माफ केलं म्हणून सांगेन."