पाणी निळं होईना

चहा पाजा, पण मला कोल्ड्रिंक विचारू नका बाप्पा. आमच्या पांढुर्ण्याच्या कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवतो; तिथं वैशाली नावाच्या पोरीचं प्रॅक्टिकल होतं: कोल्ड्रिंकमध्ये फॉस्फोरिक ॲसिड किती, ते मोजायचं. रसायन टाकलं की ॲसिडच्या हिशोबानं पाणी निळं होतं, अन् तो निळेपणा उजेड किती अडवतो, ते मशीन सांगते.

तीन दिवस पाणी निळं होईना. रीडिंग शून्य. मी नळ्या इतक्या धुतल्या की माझ्या बोटांचे ठसे गेले. रसायन नवं केलं, मशीनचा बल्ब बदलला. चौथ्या दिवशी परीक्षा, समोर मोहगावचे परीक्षक, आणि पुन्हा शून्य. वैशाली रडकुंडीला आली.

बाटलीतला गॅस काढून, शंभरपट पाणी घालून नमुना द्यायचं काम लॅबमधल्या मनोहरभाऊंचं. एवढ्या पाण्यात रंग-वास काही उरत नाही. मी थकून विचारलं, "भाऊ, कोला कोणता आणून राहिले तुम्ही?"

"कोला कायचा, सर? संत्र्याचं कोल्ड्रिंक आणतो. घरी संत्र्याची बाग, अन् दुकानात उभं राहून काळं पाणी मागू काय?"

"अहो, त्यात फॉस्फोरिक ॲसिड नसतेच!"

"मंग मशीन तीन दिवसांपासून तेच तर सांगून राहिली!"

परीक्षकांनी चष्मा काढला. "पोरी, तुझं शून्य बरोबर आहे. तू पास." मग माझ्याकडे वळले. "पण संत्र्यांच्या पांढुर्ण्यात राहून ज्यांना तीन दिवस संत्रा ओळखू आला नाही, त्यांचं काय करू?"